हिशेबाबाहेरची कारकीर्द

चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई क्रीडा स्पर्धा. हॉकीपटू धनराज पिल्लेचे नाव निघाले की ही यादी ओघाने येतेच. १९८९ च्या डिसेंबरात दिल्लीतल्या आशिया चषकात तो भारताकडून पहिल्यांदा खेळला आणि २००४ च्या ऑगस्टमध्ये अथेन्सला शेवटच्या ऑलिम्पिकमध्ये उतरला. या काळात त्याने ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. वाकून धावणे आणि धावता धावता वळणे हा ज्या खेळाचा पाया, त्यात आघाडीच्या फळीतल्या माणसाचे शरीर जवळजवळ पंधरा वर्षे टिकावे, हीच मुळात मोठी गोष्ट आहे.

आता या यादीशेजारी दुसरी यादी ठेवू. ऑलिम्पिकमध्ये भारत बार्सिलोनाला सातवा, अटलांटाला आठवा, सिडनीला सातवा, अथेन्सला पुन्हा सातवा. विश्वचषकात १९९० ला लाहोरमध्ये दहावा, १९९४ ला सिडनीत पाचवा, १९९८ ला उट्रेख्तमध्ये नववा, २००२ ला क्वालालंपूरमध्ये दहावा. ज्या आठ ऑलिम्पिक सुवर्णपदकांचा आपण अभिमानाने उच्चार करतो, त्यांतले शेवटचे १९८० सालचे. तेव्हा धनराज बारा वर्षांचा होता. त्याच्या वाट्याला पदकांचा काळ आलाच नाही. ऑलिम्पिक किंवा विश्वचषकाचे एकही पदक न मिळवता तो निवृत्त झाला.

या दोन याद्या एकाच माणसाच्या आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. पुढची पाने वाचताना हा न जुळणारा हिशेब वाचकाने सतत मनात ठेवावा, अशी माझी विनंती आहे. खेळाडू मोठा, संघ घसरणीला लागलेला आणि संघटना बेफिकीर. अशा वेळी कारकीर्द मोजायची कशी? पदकांचा तक्ता इथे मुका होतो. आणि इतर आकडे म्हणावेत, तर तेही धड नाहीत. धनराजच्या नावावर सुमारे १७० आंतरराष्ट्रीय गोल सांगितले जातात. हे ‘सुमारे’ मला फार बोचते. क्रिकेटमध्ये रणजी सामन्यातल्या बाराव्या गड्याने घेतलेल्या झेलाचीही नोंद सापडते. इथे देशाच्या कर्णधाराने देशासाठी किती गोल केले, याची अधिकृत मोजदाद त्या वेळच्या हॉकी महासंघाने ठेवली नाही. आकडेवारीच्या छंदापायी ज्यांनी पदरमोड करून टिपणे ठेवली, त्यांच्यावर आपल्याला विसंबावे लागते. म्हणून धनराजची कारकीर्द मोजण्याऐवजी सांगावी लागते. सामना कोणता होता, समोर कोण होते, चेंडू कुठे मिळाला आणि त्या चेंडूचे त्याने काय केले, हे सांगितल्याशिवाय हा माणूस समजत नाही.

सांगायची सुरुवात खडकीपासून करावी लागते. १८१७ च्या पेशवे-इंग्रज लढाईने इतिहासात आलेले हे ठिकाण पुढे लष्करी छावणीचे झाले. इंग्रजांच्या काळातच इथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. पलटणी आणि कारखाने यांच्या मागोमाग देशाच्या निरनिराळ्या भागांतून कामकरी कुटुंबे इथे येऊन वसली, त्यांत तमिळ कुटुंबेही होती. नागलिंगम पिल्ले आणि आंदाळम्मा यांचे कुटुंब त्यांपैकी एक. नागलिंगम ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करीत. १६ जुलै १९६८ रोजी या घरात धनराजचा जन्म झाला. घरात तमिळ, बाहेर मराठी आणि हिंदी, आणि खेळायला वडिलांच्याच देखरेखीखालचे मैदान, अशा वातावरणात तो वाढला.

घरची गरिबी खरी होती. पाच भाऊ, आणि नव्या स्टिका विकत घेण्याची ऐपत नाही. मोडलेल्या स्टिका बांधून, मोठ्यांनी टाकून दिलेल्या चेंडूंनी ही मुले खेळली. पाचही मुलांनी हॉकी खेळावे म्हणून आंदाळम्मांनी धीर दिला, आणि आपल्या यशाचे श्रेय धनराजने कायम आईलाच दिले. त्याच्या इंग्रजी चरित्राच्या नावातही ‘अम्मा’ आहे. अशा कहाण्या सांगताना गरिबीचेच कौतुक होण्याचा धोका असतो, आणि तो टाळायला हवा. गरिबीने धनराज घडवला नाही. त्याला घडवले ते त्याच्या आसपास असलेल्या चार ठोस गोष्टींनी: पायाखाली मैदान, घरात खेळणारे थोरले भाऊ, खेळाला किंमत देणारी वसाहत आणि मुलाला मैदानातून हाक मारून परत न नेणारी आई. यांपैकी एकही गोष्ट नसती, तर गरिबी उरली असती आणि हॉकी हरवली असती.

त्या वेळी या मुलांच्या डोळ्यांसमोर मोहम्मद शाहिद होता. बनारसचा हा जादूगार १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमधल्या सुवर्णपदक विजेत्या संघात होता. चेंडू स्टिकला लावून तो ज्या वेगाने बचावफळी कापत जाई, त्याची नक्कल करण्यात धनराजचे बालपण गेले. एका पिढीची कला दुसऱ्या पिढीकडे अशीच जाते. बहुतेक वेळा गुरूला पत्ताही नसतो.

पण धनराज शाहिदची नक्कल करीत होता, तेव्हा ती कला ज्या जमिनीवर वाढली ती जमीनच बदलत होती. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. गवतावर चेंडू उड्या मारतो, अडखळतो. त्याला मनगटाच्या नाजूक हालचालींनी चुचकारावे लागते. भारतीय उपखंडाचे सारे कसब या लहरी चेंडूशी जमवून घेण्यातून आले होते. अ‍ॅस्ट्रोटर्फवर चेंडू सरळ आणि सुसाट धावतो. तिथे लांब फटका, अचूक अडवणूक, न थकणारे पाय आणि पेनल्टी कॉर्नर यांना महत्त्व आले. युरोप आणि ऑस्ट्रेलियाने अशी मैदाने भराभर घातली. आपल्याकडे ती बराच काळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मुले मातीवर आणि गवतावर शिकत आणि राष्ट्रीय शिबिरात आल्यावर टर्फ पाहत. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला ७-१ ने हरवले. १९८६ च्या लंडन विश्वचषकात आपण बाराव्या, म्हणजे शेवटच्या जागी राहिलो. धनराज भारतीय संघात आला तो या पार्श्वभूमीवर. त्याला वारशात वैभवाची आठवण आणि पराभवाची सवय अशा दोन्ही गोष्टी मिळाल्या.

खडकीहून तो संघात पोचला तो मुंबईमार्गे. त्याचा थोरला भाऊ रमेश हाही भारताकडून खेळलेला. तो मुंबईत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या संघात होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर धनराज त्याच्याकडे आला. पुढे महिंद्र अँड महिंद्रच्या संघात त्याला ज्योकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन लाभले. मुंबईच्या हॉकीची ही व्यवस्था तरुण वाचकांना समजावून सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय ही कारकीर्द उभीच राहिली नसती. रेल्वे, विमान कंपन्या, तेल कंपन्या, बँका, खत कारखाने अशा आस्थापनांचे स्वतःचे संघ असत. खेळाडूला नोकरी मिळे, महिन्याचा पगार सुरू होई, सरावाला सवड मिळे आणि लीगमध्ये आठवड्यामागून आठवडे कसाचे सामने मिळत. हॉकीत पैसा नव्हता, पण नोकरी होती. खडकीच्या वसाहतीतल्या मुलाला ‘खेळून काय मिळणार’ या प्रश्नाचे उत्तर ही नोकरी देत असे. धनराज पुढे इंडियन एअरलाइन्समध्ये गेला. आजच्या लिलावांच्या काळात ही व्यवस्था साधी वाटेल, पण हॉकीपटूंच्या अनेक पिढ्यांच्या घरची चूल तिच्यावर पेटली.

आता त्याच्या खेळाकडे वळू. धनराज मैदानावर कसा दिसे, हे ज्यांनी पाहिले आहे ते अजूनही हातवारे करून सांगतात. लांब केस मानेवर उडत आहेत, चेंडू स्टिकच्या पुढे वीतभर, आणि माणूस पूर्ण वेगात. पूर्ण वेगात हे महत्त्वाचे. ड्रिबलिंग करणारे बहुतेक खेळाडू बचावपटू समोर आला की वेग कमी करतात, झुलवतात, मग निसटतात. धनराजला वेग कमी करावा लागत नसे. धावतानाच तो दिशा बदले. टर्फवर हेच हवे होते. गवतावरच्या कलेला टर्फवर जगायचे असेल तर तिला वेगाची जोड हवी, हे त्याच्या पायांना उमगले होते. शाहिदची परंपरा आणि नव्या जमिनीची गरज यांचा सांधा त्याच्या खेळात जुळला होता. म्हणून १९९४ च्या विश्वचषकानंतर निवडल्या गेलेल्या जागतिक संघात जागा मिळवणारा तो एकमेव भारतीय ठरला.

आघाडीच्या खेळाडूचे काम गोल करणे, असे आपण सहज म्हणतो. हॉकीत ते अर्धेच खरे आहे. गोल वैध ठरायचा तर चेंडूला गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, म्हणजे ‘डी’च्या आत आक्रमकाची स्टिक लागावी लागते. म्हणजे आधी चेंडू डीत न्यायला हवा, आणि ते काम सर्वांत अवघड. डीत शिरलेल्या खेळाडूला अडवताना बचावपटूची चूक झाली, चेंडू त्याच्या पायाला लागला, की पेनल्टी कॉर्नर मिळतो. तो कॉर्नर मिळवणारा एक आणि गोल मारणारा दुसरा; नोंद मात्र दुसऱ्याच्याच नावावर होते. पाकिस्तानच्या सोहेल अब्बासच्या नावावर ३४८ आंतरराष्ट्रीय गोल आहेत. तो बचावफळीत खेळे आणि पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग फ्लिकने गोल करी. त्याच्या कर्तृत्वाबद्दल आदर ठेवूनच सांगतो, की धनराजच्या १७० शी त्या आकड्याची तुलना होऊच शकत नाही. धनराजचे गोल मुख्यतः चालत्या खेळातले. शिवाय त्याने मिळवून दिलेले पेनल्टी कॉर्नर कोणत्याच रकान्यात नाहीत, आणि त्या काळातल्या भारताचे मोठे दुखणे हेच होते, की मिळालेल्या कॉर्नरचे गोलात रूपांतर करणारा हुकमी हात संघात नसे. धनराजने दार उघडून द्यायचे आणि आत कोणी जायचे नाही, असे किती सामन्यांत झाले ते जुने वृत्तान्त वाचताना पुन्हा पुन्हा दिसते.

नेदरलँड्सचा टून डी नोयर हा त्याच काळातला दुसरा थोर आक्रमक. त्याच्याकडे १९९६ आणि २००० ची ऑलिम्पिक सुवर्णपदके आहेत, २००४ आणि २०१२ ची रौप्यपदके आहेत. डी नोयर मोठाच. पण त्याच्या मागे घट्ट मधली फळी होती, कॉर्नरला जगातले उत्तम फटकेबाज होते, आणि प्रत्येक गावात क्लब असलेला देश होता. धनराज त्या संघात असता तर, हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही, हे मला कळते. तरीही पदकांवरून दोन खेळाडूंची उंची ठरवणे किती फसवे आहे, हे या जोडीकडे पाहिले की पटते.

१९९८ चे बँकॉक हा या कारकिर्दीचा कळस. आशियाई क्रीडा स्पर्धेतले हॉकीचे सुवर्ण आपण १९६६ नंतर जिंकलेच नव्हते. तेही बँकॉकलाच मिळाले होते. धनराजने १९९० ला बीजिंगमध्ये आणि १९९४ ला हिरोशिमात रौप्यावर समाधान मानले होते. या वेळी तो कर्णधार होता आणि एम. के. कौशिक प्रशिक्षक. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी १-१ अशी बरोबरी झाली, टायब्रेकरमध्ये गोलरक्षक आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा राहिला आणि भारताने ४-२ ने बाजी मारली. बत्तीस वर्षांनी सुवर्ण आले, आणि त्याबरोबर सिडनी ऑलिम्पिकचा प्रवेशही पक्का झाला.

त्यानंतर जे घडले ते भारतीय हॉकीच्या इतिहासातले अत्यंत क्लेशकारक पान आहे. पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी संघ निवडताना कर्णधार धनराज, बल्लाळ आणि आणखी काही ज्येष्ठ खेळाडूंना वगळण्यात आले. कौशिक यांनाही दूर करण्यात आले. अधिकृत कारण दिले गेले ते विश्रांतीचे आणि नव्यांना संधी देण्याचे. खेळाडूंनी सामन्याचे मानधन आणि सोयी यांविषयी तोंड उघडले, त्याची ही शिक्षा आहे, असेच बहुतेकांनी मानले. मागणी काय होती? देशासाठी खेळणाऱ्याला सामन्यामागे काही रक्कम मिळावी, दौऱ्यावर बरा भत्ता मिळावा, एवढीच. बत्तीस वर्षांनी सोने आणणाऱ्या संघाने एवढे मागणे हा उद्धटपणा ठरला. पुढे धनराजला राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार मिळाला, हॉकीसाठीचा पहिलाच. पद्मश्रीही मिळाली. देशाने गौरव केला आणि ज्यांच्या हाती खेळ होता त्यांनी घराबाहेर उभे केले. दोन्ही गोष्टी दोनेक वर्षांच्या अंतराने घडल्या.

धनराज तापट आहे, असे त्याच्याबद्दल सर्रास बोलले जाई. तो रागावे, मनातले बोलून टाके, जिंकल्यावर आणि हरल्यावर सर्वांसमोर रडे. या स्वभावाचा त्याला तोटा झाला, आणि कधीकधी संघालाही झाला असेल. पण त्याचा राग कशावर होता ते पाहायला हवे. वाईट व्यवस्था, तुटपुंजे भत्ते, वारंवार बदलणारे प्रशिक्षक आणि खेळाडूला कधीच न विचारता होणारे निर्णय यांवर तो होता. ज्या संघात सर्वांनी मुकाट्याने खाली मान घालायची रीत होती, तिथे आपली जागा धोक्यात घालून कोणीतरी बोलणे गरजेचे होते. पुढच्या पिढीच्या हॉकीपटूंना आज जे करार, जे फिजिओ, जे परदेशी सराव दौरे सहज मिळतात, त्यांची मागणी ज्यांनी पहिल्यांदा मोठ्या आवाजात केली, त्यांत धनराजचे नाव अग्रभागी ठेवावे लागेल.

सिडनीला तो परत आला. साखळीत भारताने अर्जेंटिनाला हरवले, यजमान ऑस्ट्रेलियाला बरोबरीत रोखले, स्पेनवर मात केली. शेवटच्या साखळी सामन्यात पोलंडला हरवले की उपांत्य फेरी, असे गणित होते. भारताकडे १-० अशी आघाडी होती. जेमतेम दोन मिनिटे उरली असताना पोलंडने बरोबरी साधली. भारताऐवजी उपांत्य फेरीत गेला तो दक्षिण कोरिया, आणि तो रौप्य घेऊन परतला. चार ऑलिम्पिकमध्ये धनराज पदकाच्या सर्वांत जवळ पोचला तो इथे. ज्या पिढीने तो सामना पाहिला, तिच्या मनात ती दोन मिनिटे अजून संपलेली नाहीत. २०२१ मध्ये टोकियोत भारताने जर्मनीला ५-४ असे नमवून एक्केचाळीस वर्षांनी कांस्य जिंकले, तेव्हा अखेरच्या क्षणी जर्मनीला मिळालेला पेनल्टी कॉर्नर गोलरक्षक श्रीजेशने अडवला. त्या क्षणी अनेक जुन्या प्रेक्षकांना पोलंड आठवला असणार.

तिशी ओलांडलेल्या आक्रमकाने सिडनीनंतर थांबावे, असे कोणालाही वाटले असते. धनराजची सर्वांत सुंदर हॉकी मला त्यानंतरच्या वर्षांत दिसते. २००१ मध्ये भारताच्या कनिष्ठ संघाने होबार्टला विश्वचषक जिंकला होता. त्या संघातले गगन अजित सिंग, दीपक ठाकूर ही पोरे वरिष्ठ संघात होती, प्रभज्योत सिंगही होता. त्यांच्यात आणि धनराजमध्ये दहा-बारा वर्षांचे अंतर. ही आघाडीची फळी काही काळ जगातली सर्वांत प्रेक्षणीय फळी होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. २००२ मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स करंडकात भारत चौथा आला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून चौतीस वर्षांच्या धनराजची निवड झाली. त्याच वर्षी बुसानला आशियाई स्पर्धेत रौप्य मिळाले. २००३ मध्ये क्वालालंपूरच्या आशिया चषकाच्या तोंडावर भारताचा हुकमी ड्रॅग फ्लिकर जुगराज सिंग मोटार अपघातात जबर जखमी झाला. त्याच्याशिवाय उतरलेल्या संघाने धनराजच्या नेतृत्वाखाली अंतिम सामन्यात पाकिस्तानला ४-२ ने हरवले. आशिया चषक भारताने प्रथमच जिंकला.

या उतारवयातल्या बहराचे रहस्य काय? एक तर नियम बदलले होते. ऑफसाइड रद्द झाल्याने आक्रमकाला मागे राहून वाट पाहण्याचे बंधन उरले नव्हते. मनाला येईल तेव्हा आणि तसे खेळाडू बदलण्याची मुभा मिळाल्याने सत्तर मिनिटे सलग धावायचे नव्हते, काही मिनिटे जीव तोडून धावून बाहेर येता येई. दुसरे, धनराजने परदेशांत केलेली क्लब हॉकी. लंडनचे इंडियन जिमखाना, फ्रान्समधले लिऑन, जर्मनीतले स्टुटगार्ट किकर्स, ढाक्याचे अबाहनी, शिवाय मलेशिया आणि हाँगकाँगचे क्लब, असा त्याचा प्रवास झाला. पोटापाण्यासाठी केलेल्या या प्रवासात तो युरोपातल्या बचावपटूंना आतून ओळखू लागला. ते चेंडू कधी सोडतात, कोणत्या पायावर वळतात, केव्हा दमतात, हे त्याला कळले. तिसरे कारण मनाचे. आपल्यापेक्षा लहान आणि वेगवान पोरांना चेंडू देण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. नव्वदच्या दशकात एकट्याने घुसणारा धनराज आता पोरांना घुसायला जागा करून देऊ लागला.

अथेन्स मात्र त्याला न्याय देऊ शकले नाही. स्पर्धा अगदी जवळ आली असताना प्रशिक्षक बदलला गेला, जर्मनीचे गेऱ्हार्ड राख आले, आणि छत्तिसाव्या वर्षी चौथे ऑलिम्पिक खेळणाऱ्या धनराजला मैदानावर मोजकाच वेळ मिळाला. निरोपाचा सामना नाही, सत्कार नाही. पुढच्या वर्षी सुरू झालेल्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये तो ‘मराठा वॉरियर्स’चा कर्णधार म्हणून मैदानात आला, तेव्हा त्याला पाहायला प्रेक्षकांनी गर्दी केली. लोकांना त्याच्या नावावरची पदके नको होती, त्याला धावताना पाहायचे होते.

मग या कारकिर्दीचे मोल काय? माझे उत्तर सरळ आहे. १९८० पासून २०२१ पर्यंत भारतीय हॉकीला ऑलिम्पिक पदक मिळाले नाही. एवढा मोठा काळ एखादा खेळ केवळ इतिहासावर जगत नाही. कोणीतरी तो पाहण्याजोगा ठेवावा लागतो, कोणाच्या तरी नादाने मुलांच्या हातात स्टिक यावी लागते. नव्वदच्या दशकात, दूरचित्रवाणीने क्रिकेट घराघरांत पोचवले त्या काळात, हॉकी म्हटल्यावर देशभरातल्या मुलांना एक चेहरा आठवत असे आणि तो धनराजचा होता. पदकाच्या दोन काळांमधला पूल त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी आपल्या पाठीवर तोलून धरला. टोकियो आणि पॅरिसची कांस्यपदके आकाशातून पडलेली नाहीत.

मराठी वाचकासाठी या कहाणीत आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्रात हॉकी वाढली ती छावण्यांत, रेल्वेच्या वसाहतींत, कारखान्यांच्या मैदानांवर आणि ख्रिस्ती शाळांत. त्यामुळे इथल्या हॉकीपटूंची नावे पिल्ले, पिंटो, कार्व्हालो, फर्नांडिस अशी असतात. ती मराठी आडनावांसारखी वाटली नाहीत, म्हणून की काय, आपल्या क्रीडावाङ्मयाने त्यांना आपले म्हणून फारसे लिहिले नाही. कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट यांवर आपल्याकडे भरपूर लेखन आहे. पण १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचे गोल राखणारे लिओ पिंटो, १९८२ च्या आशियाई स्पर्धेत महिला हॉकीचे सुवर्ण जिंकणाऱ्या संघाच्या पुण्याच्या कर्णधार एलिझा नेल्सन, खडकीच्याच मैदानांवर वाढून अथेन्सला धनराजबरोबर खेळलेला विक्रम पिल्ले, यांच्यावर मराठीत किती पाने आहेत? ही माणसे इथल्या मातीत पडली, इथल्या नोकऱ्या करून खेळली, इथल्या बसमधून सरावाला गेली.

म्हणून धनराजवरच्या लेखनाकडे मी एका खेळाडूचा गौरव एवढ्याच नजरेने पाहत नाही. महासंघाने न ठेवलेली नोंद ठेवण्याचे ते काम आहे. वाचकाने ते तसेच वाचावे. प्रत्येक सामन्यात चेंडू डीत कोणी नेला, कॉर्नर कोणी मिळवला, निवड समितीने त्यानंतर काय केले, हे पाहत जावे. आणि ज्यांच्याकडे जुने वृत्तान्त, छायाचित्रे, लीगच्या धावत्या नोंदी, घरातल्या मोठ्यांच्या आठवणी आहेत, त्यांनी त्या लिहून काढाव्यात, ग्रंथालयांत द्याव्यात, जिल्हा संघटनांकडे सोपवाव्यात. खडकी, पुणे कॅम्प, वांद्रे, नागपूर आणि गोवा इथल्या जुन्या खेळाडूंपैकी अनेकजण अजून आपल्यात आहेत आणि त्यांना विचारणारे कोणी नाही. त्यांना आताच विचारले, तर पुढच्या धनराजच्या गोलांपुढे ‘सुमारे’ लिहिण्याची वेळ कोणावर येणार नाही.